खर्जाचे धनी

गाणे ऐकताना मनुष्याचा कान स्वभावतः वरच्या स्वराकडे धावतो. गायकाने तार षड्ज लावला की सभागृहात मान डोलते, सनईच्या टिपेने रस्त्यावरचा माणूस थबकतो. ज्या खालच्या स्वराच्या आधाराने हा वरचा स्वर शोभतो, त्याकडे मात्र सहसा कोणी कान देऊन ऐकत नाही. आपल्या संगीतात ह्या खालच्या स्वराला खर्ज असे नाव आहे. ह्या मासी खर्जाच्या धन्यांविषयी चार शब्द लिहावे असे योजिले आहे. खर्ज हा शब्द येथे आम्ही थोडा सैल अर्थाने घेत आहोत. प्रत्यक्ष खालच्या सप्तकात वाजविणारे जसे त्यात येतात, तसेच वाद्यमेळात किंवा मैफलीत ज्यांचे आसन नेहमी खालचे मानले गेले, ते साथीदारही त्यात येतात.

आम्ही राहतो त्या कॅम्पात खालच्या स्वराचा परिचय लहानपणापासूनच होतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातून बँडचा सराव ऐकू येऊ लागला की कर्णे व बासऱ्या आधी ओळखू येतात. पण मैदानापासून दूर गेल्यावर स्वररचना विरून जाते आणि उरतो तो मोठ्या पितळी वाद्याचा भारदस्त हुंकार व ढोलाचा ठोका. कॅम्पातील गोव्याकडच्या कुटुंबांत गिटार तर घराघरांत असते. त्यांतील तरुण लग्नसमारंभांत व नाताळात वाद्यवृंद घेऊन उभे राहतात, तेव्हा एक मुलगा बहुधा मागे, ढोलवाल्याच्या शेजारी दिसतो. त्याच्या गिटारीला सहा तारांऐवजी चारच तारा असतात, आणि त्या जाड असतात. हा बास गिटारवाला. समारंभाच्या छायाचित्रांत गायक असतो, पुढचा गिटारवाला असतो. हा असलाच तर अर्धा दिसतो.

ह्या वाद्याचा इतिहास फार जुना नाही. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खालच्या स्वरांसाठी माणसाहून उंच असे व्हायोलिनच्या घाटाचे वाद्य उभे धरून वाजवीत. ते नेण्याआणण्यास अवजड, आणि विजेच्या गिटारीपुढे त्याचा आवाज दबून जाई. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर ह्या कारागिराने गळ्यात अडकविता येईल अशी विजेची बास गिटार बाजारात आणली. तिच्या चार तारा साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांच्या एक सप्तक खाली मिळवितात. काम दुहेरी. ढोलाच्या ठोक्याला धरून लय पक्की ठेवायची, आणि वर जो स्वरसमूह चालू असेल त्याचा मूळ स्वर खालून दाखवायचा. रॉक संगीतात गिटारवाला कितीही भरकटला तरी ऐकणाऱ्याला घराची दिशा ठाऊक राहते, ती ह्या खालच्या चार तारांमुळे.

ह्या वाद्याचा एक मोठा वादक जेम्स जेमर्सन. १९३६ साली जन्मलेला हा वादक अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात मोटाऊन नावाच्या ध्वनिमुद्रण संस्थेत नोकरीस होता. १९६० नंतरच्या दशकात ह्या संस्थेची गाणी जगभर वाजली, आणि त्यांतील कितीएक गाण्यांचा खालचा स्वर जेमर्सनचा होता. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने तो तारा छेडी. पूर्वीचे बासवादक मूळ स्वर ठोकून स्वस्थ राहत. जेमर्सनने त्या स्वरांच्या मधल्या वाटा चालून पाहिल्या, खालच्या सप्तकात जणू एक दुसरे गाणे रचले, आणि तरीही वरच्या गायकाला अडथळा होऊ दिला नाही. रॉक संगीतातील पुढच्या बासवादकांनी त्याच्यापासून धडे घेतले. परंतु तबकड्यांच्या वेष्टणावर वादकांची नावे छापण्याची त्या संस्थेत रीत नव्हती. मार्विन गे ह्या गायकाच्या १९७१ सालच्या संचावर वादकांची नावे आली, तेव्हा कुठे त्याचे नाव लोकांस वाचावयास मिळाले. पुढच्याच वर्षी संस्था लॉस एंजेलिसला गेली. जेमर्सनही तिकडे गेला, परंतु ते दिवस पुन्हा आले नाहीत, आणि १९८३ मध्ये वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला. अमेरिकेतील रॉक संगीताच्या सन्मानमंदिरात साथीदारांसाठी २००० साली वेगळा विभाग उघडला, त्यात पहिल्याच वर्षी त्याचे नाव घेण्यात आले. मृत्यूनंतर सतरा वर्षांनी.

इंग्लंडमधील जॉन एंटविसल हा ‘द हू’ ह्या वृंदाचा बासवादक. त्याचे सहकारी व्यासपीठावर उड्या मारीत, वाद्ये फोडीत. हा मात्र खांबासारखा स्थिर उभा राही. हालचाल होती ती बोटांत. १९६५ सालच्या ‘माय जनरेशन’ ह्या गाण्यात बास गिटारीला एकटीने बोलण्याची संधी त्याने मिळवून दिली. रॉक संगीतात तोवर ही गोष्ट विरळाच होती. जॉन पॉल जोन्सची तऱ्हा आणखी वेगळी. ‘लेड झेपेलिन’ १९६८ मध्ये निघण्यापूर्वी तो लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहांत इतरांच्या गाण्यांना वाद्यरचना करून देई. वृंदात आल्यावर बास तर त्याने वाजविलाच, पण गाण्याला गरज पडेल तसा तो पियानोच्या जातीच्या वाद्यांवर बसे, मेंडोलिन हाती घेई, आणि हात गुंतले असता पायाने खर्जाच्या पट्ट्या दाबी. वृंदाचे नाव निघाले की लोकांस गायक आणि गिटारवाला आधी आठवतात. कॅरोल के ही बाई लॉस एंजेलिसमध्ये बास वाजवी. तेथील असंख्य लोकप्रिय गाण्यांवर तिचा हात आहे. २०२५ साली त्याच सन्मानमंदिराने तिची निवड केली, तेव्हा नव्वदीच्या ह्या बाईने तो मान नाकारला.

इतके लांब जाण्याचेही कारण नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी तीन-चार दशके व्हायोलिने, कर्णे, पियानो आणि बास वाजविले. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यमेळातील टोनी वाझ यांची बास गिटार आपण सर्वांनी ऐकलेली आहे. नाव किती जणांना ठाऊक असेल? चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकार येई, सहाय्यक येई, गायक येत. साठ-सत्तर वादक एका ओळीतही येत नसत.

आता आपल्या मैफलीकडे येऊ. आपल्याकडे खर्जाची पहिली धनीण म्हणजे तंबोऱ्याची चौथी तार. मिरजेच्या कारागिरांनी भोपळ्यातून घडविलेला तंबोरा आपल्या ह्या टापूतील गवयांनी पिढ्यान्‌पिढ्या मांडीवर घेतला. त्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पहिली तार पंचमाची, मधली जोड षड्जाची, आणि शेवटची जाड पितळी तार खर्जाची. ती नीट मिळाली नाही तर गायकाला स्वर सापडत नाही. गायकामागे बसून तास-दोन तास ह्या तारा एकाच गतीने छेडणारा शिष्य मैफलीत सर्वांना दिसतो, परंतु ऐकू येतो तो फक्त चुकला तर.

तंबोऱ्याच्या पुढे, गायकाच्या शेजारी, पेटीवाला बसतो. बासवादक आणि पेटीवादक यांत एक मोठा भेद आहे. बासवादक गाण्याच्या आधी वाट घालून ठेवतो. वर कोणता स्वरसमूह येणार हे त्याला आगाऊ ठाऊक असते. पेटीवाल्याला काहीच ठाऊक नसते. गायकाच्या मनात पुढच्या क्षणी काय येईल हे गायकालाही पुरते माहीत नसते, आणि पेटीवाल्याने ते केसभर मागे राहून स्वरांत उतरवायचे असते. फार मागे राहिला तर प्रतिध्वनी होतो, पुढे गेला तर उद्धटपणा होतो. गायक श्वास घेईल तेवढ्या अवकाशात शेवटचा स्वर धरून ठेवायचा, त्याने पुन्हा उचलले की बाजूला व्हायचे. त्यात वाद्याची स्वतःची अडचण. पेटीचे स्वर ठरलेले. एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही, आणि दरबारीचा आंदोलित गंधार दाबायला पट्टीच नाही. भात्याच्या दाबाने, पट्टी सोडण्याच्या खुबीने आणि मुख्य म्हणजे कोठे वाजवू नये हे जाणून चांगला साथीदार ह्या उणिवेतून मार्ग काढतो.

ह्याच उणिवांवर बोट ठेवून आकाशवाणीने १९४० च्या मार्चपासून पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी घातली. वाद्य परदेशी, स्वर बांधलेले, श्रुतींचा नाश करणारे, असे आक्षेप होते. मोठमोठ्या मंडळींचा त्यांस पाठिंबा होता. आक्षेप सर्वस्वी खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु परिणाम असा झाला की, जो पेटीवादक गवयाबरोबर गावोगाव रात्ररात्र बसे, त्याला तोच गवई नभोवाणीवर गाताना बाहेर थांबावे लागे. ही बंदी १९७१ मध्ये सैल झाली. म्हणजे एकतीस वर्षे. एका वादकाचा ऐन कर्तृत्वाचा काळ एवढाच असतो.

हा सारा काळ पाहिलेले एक थोर पेटीवादक आपल्या बेळगावचेच. पंडित रामभाऊ विजापुरे यांचा जन्म १९१७ सालचा, निधन २०१० सालचे. त्र्याण्णव वर्षांच्या आयुष्यात त्यांनी गायकांच्या तीन पिढ्यांना साथ केली. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व, ही नावे एका दमात घेता येतात, पण त्यांची साथ एका रीतीने करता येत नाही हे ध्यानात घ्यावे. मन्सूरांचे गाणे जयपूर घराण्याचे. अनवट आणि जोड राग, आणि स्वरवाक्यांचा न तुटणारा ओघ. तेथे रागाचे ज्ञान कच्चे असेल तर साथीदार दुसऱ्याच आवर्तनात उघडा पडतो. भीमसेनांचे किराणा घराणे; एकेका स्वराची सावकाश बढत, आणि मग विजेसारख्या ताना. तेथे आधी तासभर संयम हवा आणि नंतर बोटांत बळ हवे. कुमारांचे गाणे छोट्या तुकड्यांचे, मध्येच थांबणारे, अकस्मात वर उसळणारे. तेथे शांततेचे मोल कळावे लागते. अशा तिघांशेजारी बसून तिघांचेही समाधान करणारा वादक गायकीच्या तीन पाठशाळा मनात बाळगून असतो. विजापुरे मास्तरांचे पेटीवादन गायकी अंगाचे होते, ते ह्यामुळेच.

ते बेळगावातच राहिले. मुंबई-पुण्यास गेले असते तर नाव अधिक झाले असते असे पुष्कळ जण म्हणतात, असेलही. त्यांनी येथे संगीताची शाळा चालविली आणि आयुष्यभर शिकविले. बेळगावचे सुधांशु कुलकर्णी, बंगळूरचे रवींद्र काटोटी हे आजचे जाणते पेटीवादक त्यांचेच शिष्य. त्यांच्या आधी विठ्ठलराव कोरगावकरांनीही ह्या गावात पेटीचा मान राखला होता. एका गावाला पेटीची अशी परंपरा लाभावी हे भाग्य लहान नव्हे.

अन्यत्रही असे धनी झाले. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांनी भास्करबुवा बखले यांची साथ करता करता पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली. १९११ सालच्या ‘मानापमाना’ची पदेही त्यांनीच स्वरांत बसविली. त्यांच्या बाबतीत साथीदार पुढे आला. गोविंदराव पटवर्धन संगीत रंगभूमीच्या ऑर्गनवर आयुष्यभर बसले. नाट्यपद पेटीवर वाजविताना त्यातील शब्ददेखील ऐकू येतात, अशी त्यांची ख्याती होती. आप्पा जळगावकरांची साथ गायकाच्या स्वरात साखरेसारखी विरघळे. नर्तकाच्या पावलांमागे लेहरा धरणे हाही त्यांचा हातखंडा. गोव्यातील बोरीचे तुळशीदास बोरकर हे मधुकर पेडणेकर यांचे शिष्य. रंगभूमी आणि मैफल दोन्ही त्यांनी सांभाळली, आणि २०१६ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच वाद्यावर ह्या चौघांच्या चार तऱ्हा. ‘पेटीवाला’ ह्या एका शब्दात आपण त्या चारही गुंडाळून ठेवतो.

हे सर्व आज लिहिण्यास एक निमित्त आहे. काही मासांपूर्वी एका शास्त्रीय गायनाच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका आमच्याकडे आली. आयोजक कोण ते सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ही रीत एकट्याची नव्हे. गायकाचे नाव ठळक. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागतोत्सुक मंडळी यांची नावे ओळीने. मंडप आणि ध्वनिक्षेपकाची व्यवस्था कोणाची तेही होते. तबला आणि पेटी यांपुढे दोनच शब्द होते : स्थानिक कलाकार. ह्या स्थानिक कलाकारांना नावे असतात, गुरू असतात, वीस-वीस वर्षांची तपश्चर्या असते. ज्या गावात विजापुरे मास्तर नव्वदी ओलांडेपर्यंत राहिले, त्या गावात ‘स्थानिक’ ह्या शब्दाचा अर्थ ‘नाव न घेण्याजोगा’ असा व्हावा, ह्याचे आम्हांस वाईट वाटले.

ती पत्रिका आमच्या मेजावर होती त्याच सुमारास एका विद्यार्थ्याची आई भेटीस आली. मुलगा नववीत आहे. शाळेच्या प्रार्थनेला तो पेटी वाजवितो. आमच्या शाळेची पेटी फार जुनी; मधल्या सप्तकातील एक पट्टी दाबली असता नुसता वारा येतो. ह्या मुलाने कोणास न सांगता प्रार्थनेची पट्टी अशी बदलून घेतली आहे की त्या मुक्या स्वराची गरजच पडत नाही. तीनशे मुले रोज गातात. त्यांच्या ध्यानातही ही गोष्ट आलेली नाही. पेटी ज्यांनी त्याला शिकविली त्या वयोवृद्ध शिक्षकांनी मुलाने पुढे साथीचाच अभ्यास करावा असे सुचविले होते, आणि आईला ते रुचले नव्हते.

“सर, ह्यो गायला शिकला तर टीव्हीवर तरी दिसंल,” ती म्हणाली. “पेटी शिकून बाजूलाच बसायचं न्हवं वो? मधी कधी बसणार?”

आम्ही तिला विजापुरे मास्तरांविषयी सांगितले. वर जी नावे लिहिली तीही सांगितली. तिने आदराने सर्व ऐकून घेतले आणि मग विचारले, “ते खरं वो सर. पण नाव कुठं छापून येतंय?”

पत्रिका समोरच पडली होती. ह्या माउलीच्या प्रश्नाला उत्तर देणे एकट्या मुख्याध्यापकाच्या हातचे नाही. मूल रात्रंदिवस रियाज करील, गुरू शिकवितील, पोटाला चिमटा घेऊन आईबाप पेटीही आणतील. पण त्या श्रमाचे फळ ‘स्थानिक कलाकार’ एवढेच असेल, तर कोणती आई आपल्या मुलाला ह्या वाटेने धाडील? चांगल्या साथीचा गुणच असा की ती स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही. म्हणून तिच्याकडे लक्ष देण्याचे काम दुसऱ्यांनी, आठवणीने, करावे लागते. जेमर्सनचे नाव छापण्यास कागदाची कमतरता नव्हती. छापावे असे कोणास वाटले नाही, एवढेच.

वाचकहो, आपल्यापैकी कितीएक जण गणेशोत्सव मंडळांत, भजनी मंडळांत, महिला मंडळांत कार्यकर्ते आहेत. आपल्या पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत तबला, पेटी, तंबोरा, टाळ, आणि असलीच तर बास गिटार, ह्यांपुढे वाजविणाऱ्याचे पूर्ण नाव, गायकाच्या नावाच्याच आकाराच्या अक्षरांत, छापावे. निवेदकाने ते शुद्ध उच्चारावे. मानधनाचे पाकीट गायकाबरोबरच, व्यासपीठावरच द्यावे. कार्यक्रम उरकल्यावर पडद्यामागे नव्हे. ह्याला खर्च काही नाही.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका गेल्या आठवड्यात छापून आली. तिच्यावर पेटीपुढे त्या मुलाचे नाव, आईच्या व वडिलांच्या नावांसह, आहे. एक प्रत त्याच्या घरी पाठविली आहे. पुढे त्याने काय शिकावे हे अजून घरी ठरलेले नाही असे कळते. प्रार्थनेला मात्र तो रोज वेळेवर बसतो, आणि त्या मुक्या पट्टीला चुकूनही हात लावीत नाही.